यंदा हसायचे

पुणे, ४ ऑगस्ट २०२५

आदरणीय ताई,

सविनय जयभीम, वि. वि. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

अंध मुलींच्या वसतिगृहासाठीचा आमचा टीव्हीवरचा कार्यक्रम या महिनाअखेरीस आहे. यंदा वसतिगृहाला बस घ्यायची आहे. इतकी वर्षे सूत्रसंचालक अभयराव गोड बोलून देणग्या मागतात आणि मी शेजारी बसून फोन करणाऱ्या देणगीदारांना फैलावर घेते. नवे निर्माते सौरभ यांच्या मते लोकांना आता बोलणी खायला आवडत नाही. मी हसायचे आणि प्रत्येकाचे आभार मानायचे. जमले नाही, तर पुढच्या वर्षी माझ्या खुर्चीत चैताली नावाची मुलगी. तिला हसण्याचा अनुभव आहे.

निवृत्तीनंतर वर्षातल्या या एकाच संध्याकाळी मी स्वतःला उपयोगाची वाटते. ती सोडवत नाही. रोज आरशासमोर हसते. काल दूधवाला दारातूनच परत गेला.

लोभ असावा, सल्ला नसावा.

तुझी,
कांता

नागपूर, १२ ऑगस्ट

प्रिय कांता,

सप्रेम जयभीम. तू हसणार हे वाचून काळजी वाटली. माझ्या लग्नात सासऱ्यांनी जेवणाला नावे ठेवली, तेव्हा तू त्यांना ताटावरून उठायला सांगितले होतेस. पुढे ते जन्मभर तुझ्यासमोर मुकाट जेवले.

हसायचे तर हस, पण बेताने. नेहमीप्रमाणे नातवाच्या मोबाईलवर पाहीन.

आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई

पुणे, २ सप्टेंबर

आदरणीय ताई,

सविनय जयभीम. पाहिलेस ना? तासभर हसले. गाल दुखले. फोन खणखणत होते, पण देणगीचे कुणी नाव काढीना. मंडईतले बाबुराव दरवर्षी मुद्दाम कमी आकडा सांगतात, माझी बोलणी खातात आणि मग दुप्पट देतात. त्यांनीही एवढेच विचारले, की बाईंना झटकाबिटका आला का.

शेवटी अभयरावांनी कॅमेऱ्यासमोर जाहीर केले की बाई बऱ्या आहेत. मग मात्र मला राहवले नाही. मी ठणठणीत आहे, चौकशीला पैसे पडत नाहीत म्हणून सगळे शहर माझी काळजी करते आहे, आणि बस सदिच्छांवर चालत नाही, असे सुनावले. त्यानंतर फोन घ्यायला माणसे पुरेनात. बाबुरावांनी देणगी सांगून वर विचारले, की अजून काही बोलायचे राहिले आहे का.

बस येते आहे. खुर्चीही राहिली. सौरभ लगेच पुढच्या वर्षीची आखणी घेऊन आले. तीत ठिकठिकाणी छापले आहे की इथे कांताबाई रागावतील. मी सांगितले, ठरवून मला फक्त हसता येते, तेही यंदाच शिकले.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
कांता

नागपूर, ११ सप्टेंबर

प्रिय कांता,

सप्रेम जयभीम. पाहिले. तू भडकलीस तेव्हा नातू म्हणाला, की आता आजी बरी दिसते.

आता माझी तक्रार. आजवर मी तुमच्या कार्यक्रमाला एक रुपया दिलेला नाही. तू सगळ्या पुण्याला बोलतेस, मला कधी नाही. मोठ्या बहिणीचा मान राखतेस, कळते. पण दरवर्षी कार्यक्रम संपेपर्यंत मी वाट पाहते, आणि तू माझे नावही घेत नाहीस. पुढच्या वर्षी सर्वांदेखत घे. चंद्रभागा, नागपूर. पैसे काढून ठेवले आहेत. बोलणी खाल्ल्याशिवाय देणार नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, राग वाढावा.

तुझी ताई