आकाशी रंगाची दुसरी गाडी

बाबा, तुम्हाला ही हाक मारायला मला चार भिंती लागायच्या. रस्त्यावर ती बंद होती. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, आता कोण अडवणार, म्हणून मारतो. काल आईला घेऊन गाडी बघायला गेलो होतो. घरात एक गाडी आहे, रोजच्यासाठी दुसरी घ्यायची आहे, आणि त्यावरून तुम्ही आठवलात. आठवण चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गाडी लाल आहे. बुटकी, रुंद, पायाखालचं जरा दाबलं की पाठ सीटला चिकटवणारी. अंबरनाथला माझं साचे बनवायचं वर्कशॉप आहे, ते नीट चालायला लागल्यावर घेतली. लोकांना वाटतं मला वेगाची हौस. हौस कसली, ती मी तुमच्यासाठी घेतली. आईला शेजारी बसवायचं आणि उल्हासनगरच्या तुमच्या घरासमोरून, त्या पहिल्या घरासमोरून, ती गाडी सावकाश न्यायची, एवढंच डोक्यात होतं. पण आईचे गुडघे गेलेत आणि सीट जमिनीला टेकलेली. पहिल्या दिवशी दाराशी उभं राहून ती म्हणाली, "ह्यात बसायचं का झोपायचं रे? घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं." आम्ही राहतो त्या सोनिवलीतून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासतं, ते वेगळंच. शेवटी एकटाच गेलो. तुमच्या घराच्या जागी आता सात मजली इमारत आहे. मी थांबलो तर वॉचमन काठी आपटत आला, "आगे लो साहब, गेट के सामने नहीं." सूड उगवायला गेलो आणि पार्किंगवरून बोलणी खाऊन आलो.

दोन गाड्या तुमच्याकडेही होत्या. क्रीम रंगाची मोटार उल्हासनगरला, तिकडच्या बाईंसाठी, सणावारासाठी, लग्नकार्यासाठी. बदलापूरला आमच्याकडे तुम्ही आकाशी स्कूटरवर यायचात. स्कूटर बोळात मावते, कुणी ओळखत नाही, पेट्रोलही कमी पिते. देवळात हार घालून आईशी लग्न केलंत, एवढं ती अजून सांगते. बाकी जगासाठी ती तुमच्या फर्निचरच्या दुकानाची शिलाईवाली. सोफ्याची कव्हरं तिने शिवायची, संध्याकाळचं जेवण तिने वाढायचं, तुमचा ताप तिने काढायचा. बरं वाटलं की तुम्ही तिकडे.

एकदा तुम्ही स्कूटरवर मरून रंगाच्या मखमलीचा तागा घेऊन आलात. मोटारीच्या सीटांना कव्हरं शिवायची होती. मी स्वयंपाकघरात स्टोव्हशेजारी बसलोय, आई मशीनवर आहे, तुम्ही कागदावरची मापं वाचून दाखवताय. कडेला पिवळी पायपिंग तिने स्वतःच्या मनाने लावली. म्हणाली, "उठून दिसंल." तयार कव्हरांवर मी दुपारी झोपलो तर तुम्ही खेकसलात, "ऊठ, डाग पडंल." मी डाग पाडणारा होतो तर.

त्याच वर्षी दिवाळीत आई मला बूट घ्यायला उल्हासनगरच्या बाजारात नेते. मिठाईच्या दुकानासमोर तुमची मोटार उभी आहे. दार उघडं, आत मरून मखमल, पिवळी पायपिंग, आणि तिच्यावर माझ्याएवढी एक मुलगी पाय हलवत बसलेली. मी आईचा हात सोडून धावतो, "बाबा!" तुम्ही वळता. तिकडच्या बाई विचारतात, "कोण हा?" आणि तुमचा आवाज जरासुद्धा हलत नाही. "आपल्या शिलाईवाल्या बाईचा पोरगा आहे. सगळ्यांनाच बाबा म्हणतो." मग माझ्या हातात बर्फीचा एक पुडा. आईने तो घरी आणून डब्यात ठेवला आणि शनिवारी तुम्ही आलात तेव्हा चहाबरोबर त्यातलीच बर्फी तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही खाल्लीत. छान आहे म्हणालात.

तर कालचं. आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला अंबरनाथला न्यावं लागतं, रिक्षात तिचे हाल होतात. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगचा पॉइंट द्यायला सोसायटी तयार नाही. सीएनजी घ्यावी तर सिलिंडर डिकी खातो आणि तिचा वॉकर ठेवायला जागा उरत नाही. एका गाडीत मात्र सिलिंडर खाली दडवलेत, सीटही उंच. शोरूमचा मुलगा उत्साहात बोलत होता, "सर, सेकंड कार आहे ना? मग मायलेज बघा, मेंटेनन्स बघा. पहिली फंक्शनला काढायची, रोजची मेहनत हिच्याकडनं करून घ्यायची. पहिलीला त्रासच नाही द्यायचा."

आई सोफ्यावर कॉफी पीत होती. हसली. "बरोबर बोलतो पोरगा," म्हणाली. "पहिलीला त्रास नाय द्यायचा."

त्या मुलाला काय कळणार. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "आई, ऊठ. ही नको. तू लाल गाडीतच बसशील, मी उचलून बसवेन तुला." तिने कप खाली ठेवला. "उचलून? मी काय तागा हाय? तुझ्या बापाला काय दाखवायचंय ते तू दाखव. मला चढता येईल अशी गाडी घे." मग वॉकर टेकत स्वतः गाडीपाशी गेली, चढून बसली आणि सीटच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "टाका कच्चा हाय. पण बसायला बरी."

इतकी वर्षं तुमचा राग मी तिच्या नावाने केला, आणि तिने तो माझ्याकडून कधी मागितलाच नव्हता. म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. बाजारातला तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुमची अंत्ययात्रा निघाली तेव्हा आम्ही दोघं रस्त्याच्या पलीकडे उभे होतो, तेही नाही.

हे पत्र टाकायचं कुठे? उल्हासनगरला तुम्ही नाही आणि आमच्या घराचा पत्ता तुम्ही कधी कुठे लिहिलाच नाहीत. तेव्हा राहू दे माझ्यापाशी. फक्त एक सांगतो, आईलाही सांगितलं नाही. पांढरी गाडी लगेच मिळत होती. मी दुसऱ्या रंगाची नोंदवली, तिच्यासाठी थांबावं लागणार आहे. आईने विचारलं तेव्हा म्हणालो, पांढरी लवकर मळते. आयुष्यभर कापड हाताळलेल्या बाईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आकाशीही तितकीच मळते, बाबा.