पारडीच्या पाठीवरचं मीठ

प्रिय उन्नती,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. आधी कच्चं लिहिलं, चुका दुरुस्त केल्या, मग हे पक्कं उतरवलं. बारा दिवसांपूर्वी मी हरेशदादाच्या हातातलं इंजेक्शन हिसकावलं आणि सुई वाकवून टाकली. हो, मीच. दारात कोणी खाकरलं तरी दचकणारा तुझा नवरा.

तू खारबावला माहेरी गेलीस त्याच आठवड्यात आपली चंद्रा व्याली. रेडकू मेलेलंच आलं. समोर पिल्लू नाही म्हणून तिने पान्हा चोरला. कास टणक, हात लावला की लाथ. दादाने ठरवलं, रोज दोन वेळा इंजेक्शन मारून दूध उतरवायचं, नाहीतर म्हैस विकायची. ते इंजेक्शन असं वापरायला बंदी आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. मी पंधरा दिवस मागितले. केसरीनाथकाकांची म्हैस साप चावून गेली होती, तिची आठ दिवसांची पारडी टेम्पोत घालून आणली. दादा गड्यांसमोर हसला, "याला बायको सांभालता आली न्हाय, न चाललाय म्हशीला पोर द्यायला!" पूर्वी मी खाली मान घालून निघून गेलो असतो. या वेळी म्हटलं, हस तू, पण पंधरा दिवसांत सुई दिसली तर मी स्वतः तक्रार करीन.

पहिल्या दिवशी चंद्राने पारडीला शिंगाने बाजूला फेकलं. आई पायरीवर बसून म्हणाली, "बघ, जनावराला पन कलतं आपलं कोनचं न परक्याचं कोनचं. तुमालाच न्हाय कलत." ती म्हशीबद्दल बोलत नव्हती. तू जेवताना दत्तकाचं नाव काढलंस, त्या दिवशीही ती हेच बोलली होती, आणि मी ताटाकडे बघत भात कालवत राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

जनावरांच्या डॉक्टर विनिता मॅडम कास तपासायला आल्या, तेव्हा मी वही घेऊन मागेच लागलो. नववीत शाळा सुटली तरी विचारायची सवय सुटलेली नाही. त्या म्हणाल्या, पिल्लाने आचळाला तोंड लावलं की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं हॉर्मोन रक्तात उतरतं आणि त्यानेच पान्हा सुटतो. दादाच्या सुईत तेच असतं. व्यायल्यावर मेंदूत तेच काम करतं, तेव्हा पिल्लाची ओळख पक्की होते. पण आपल्यांना जवळ करणारं हे हॉर्मोन काही जनावरांना परक्यावर धावूनही जायला लावतं. माझं तोंड उतरलं. म्हणजे आईचंच खरं? मग मॅडमनी एक गोष्ट सांगितली. दक्षिण अमेरिकेत खारीएवढी माकडं असतात. त्यांची पिल्लं एकटी आई वाढवत नाही. बाप, मोठी भावंडं, सगळी आळीपाळीने पाठीवर वागवतात. पिल्लू वाहणाऱ्या नरांचं रक्त तपासलं, तर त्यातही दुधाशी संबंध असलेलं एक हॉर्मोन वाढलेलं सापडलं. नरांच्या, उन्नती! ती ओळ मी दोनदा लिहून घेतली.

केसरीनाथकाकांनी जुना उपाय सांगितला, पारडीच्या पाठीला मीठ आणि कोंडा चोळायचा. म्हैस मिठासाठी चाटते. मी म्हटलं, मिठासाठी तर मिठासाठी. रोज सकाळ-संध्याकाळ मीठ चोळलं, चंद्राचं दावं आखूड धरलं, दोन लाथा मांडीवर घेतल्या. दादा रोज विचारायचा, "झाली का आई?" नवव्या दिवशी चंद्रा पारडीचे कान चाटत होती. कानाला मी मीठ लावलंच नव्हतं. अकराव्या दिवशी पारडीने ढुशी दिली, चंद्राने पाय फाकवले आणि पान्हा सोडला. पारडीचं पोट भरल्यावर मी धार काढली, तेव्हाही ती शांत उभी होती. दादा म्हणाला, नशीब. म्हणू दे.

त्या दिवशी जेवताना मी का बोललो नाही, ते आज सांगतो. आईची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती माझीच होती. दुसऱ्याचं बाळ हातात घेतलं आणि आतून काहीच हललं नाही, तर? आपली दोन्ही बाळं गेली तेव्हा इतकं तुटलं, की परत काही जुळेल असं वाटेना. आता म्हणतो, पहिल्या दिवशी नाही हललं तर नाही. मी दूध कोमट करीन, दुपटी धुईन, रात्री खांद्यावर घेऊन फिरीन, वाटायचं तेव्हा वाटेल. काल दादा आणि आईसमोर उभं राहून सांगितलं, आम्ही मूल दत्तक घेणार. दादा म्हणाला, "मंग या घरात जागा न्हाय." मी म्हटलं, बरं. काल्हेरला गोडाऊनमध्ये काम धरलं आहे, जवळच खोली बघितली आहे. दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या बाईंना दोघांची लेखी संमती हवी आहे. रविवारी मी खारबावला येतो. तू अजून रागात असशील तर राग, नाही म्हणालीस तर नाही, पण हे मी आता घाबरून मागे घेणार नाही. माझी सही झाली आहे, शाईने.

तुझाच,
प्रितेश