कानाची कातर

नाशिक, मंगळवार

पुंजादादा, तुला न् वैनीला कुसाचा रामराम.

तिकडं रेंज नाय, म्हणून चिठ्ठी कंडक्टरकडे देते. इथं जेवण चांगलं मिळतं.

छातीतल्या गाठीवरचं इंजेक्शन मात्र बंद केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते औषध रोगाच्या पेशीवरची एकच खूण ओळखतं आणि तिलाच धरतं. गावच्या कळपात आपण कानाला कापलेली ज्याची त्याची कातर बघून आपलीच शेळी धरतो, तसं. नव्या तपासणीत ती खूणच सापडली नाय. रोग वाढलाय, पण औषधाला तो दिसत नाय.

दुसरं औषध देऊन बघू म्हणाल्या. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

आईचे गुडघे कसे हायेत? तिला सांग, कुसा बरी होतेय.

माझ्या दोन्ही शेळ्यांच्या कानांवर आता तुझी कातर घाल.

तुझी धाकटी,
कुसा