जुनं जाळं कुठे जातं

१२ एप्रिल

ज्ञानूचा फोन. दिल्लीची माणसं येणार आहेत — पुढच्या सोमवारी, रत्नागिरीला! देशाचं नॅनोच्या संशोधनाचं नवं धोरण ठरतंय, त्यासाठी जागोजागी लोकांची मतं घेत फिरतायत म्हणे. आणि ह्या पोरीने बोलणाऱ्यांत माझं नाव घातलंय. विचारलं नाही, सवरलं नाही. "गावातर्फे तू बोल, आजी." मी म्हटलं, अगो, मी जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. अक्षरं शिकले तीसुद्धा पोरांच्या पुस्तकांतून, पोरं झोपली की. मी दिल्लीला काय सांगणार? तर म्हणते, जे बघतेस ते सांग.

बघते काय — तिचेच पिंजरे. आमच्या पूर्णगडच्या खाडीत तरंगतायत, आत जिताडी वाढतायत. साध्या जाळ्यावर थोड्याच दिवसांत शेवाळ नि कालवं चढतात, पाणी खेळत नाही, मासा गुदमरतो. ते घासता घासता बायांच्या हातांची सालं निघायची. ज्ञानूच्या जाळ्याला तांब्याचा लेप आहे. त्यातले कण इतके बारीक की डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. त्या जाळ्यावर काही बसतच नाही. माझ्या नातीचं काम! छाती फुगते, नाही कशाला म्हणू.

 

१३ एप्रिल

तुळशीपुढे उभी राहून दोन वाक्यं म्हणून बघितली. तिसरं आठवेना. कोंबड्या मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या.

१४ एप्रिल

बंदरावर गंगा भेटली. बातमी माझ्या आधी पोचलेली. "काय गो सोनूबाय, दिल्लीवाल्यांत बसणार म्हणे तू. मग आमच्या वाटणीची मासळी आता साहेबिणीच्या भावाने घेशील ना?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

तिच्या हातात जाळ्याची पिशवी होती, तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी भरलेली. दोन दिवस खाडीत बांधून ठेवली होती, तिसऱ्या अजून जिवंत, पिशवीला चिखल नाही की बुळबुळ नाही. म्हणाली, तुझ्याच पडवीतलं जाळं हे. फार गुणाचं. एक तुकडा मी हंड्याच्या तोंडाला बांधलाय, पाणी गाळायला.

प्यायचं पाणी?

"मग? तूच म्हणालीस ना, तांबं हाय. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपण पितोच की."

म्हणाले होते मी. गेल्या वर्षी लोक त्या जाळ्यांना बिचकत होते, पिंजऱ्यातला मासा कोणी घेईना. तेव्हा मीच घरोघर जाऊन सांगितलं — घाबरू नका, आपल्या हंड्याचंच तांबं, फक्त पीठ बारीक दळलंय. ज्ञानू खूश झाली होती. तुझ्यासारखं कोणाला समजावता येत नाही, म्हणाली.

आणि पडवीतली जाळी — पिंजऱ्यांची पहिली जाळी उतरवली ती ज्ञानूच्या ऑफिसची गाडी न्यायला येणार होती. आलीच नाही. गठ्ठ्यावर कोंबडी अंडी घालायला लागली. मग ज्याने मागितला त्याला तुकडा कापून दिला. आमच्यात जाळं कोणी टाकत नाही. जुनं झालं की त्याला दुसरं काम मिळतं, एवढंच.

गंगाने पसाभर तिसऱ्या दिल्या. घेतल्या. मग दिवसभर घरातून अंगणात, अंगणातून घरात. बूड टेकवत नाही एका जागी.

१५ एप्रिल

ज्ञानूने धोरणाचा मसुदा पाठवला होता, मराठीतला. चष्मा पुसून पुसून वाचला. चांगलं लिहिलंय, खोटं कशाला बोलू! पाणी शुद्ध करणारं नॅनो, शेतात खत वाचवणारं नॅनो, उन्हाची वीज करणारं नॅनो. प्रयोगशाळांना किती, नव्या कंपन्यांना किती, सगळं मांडलंय. "शाश्वत विकास" तर पानापानावर. पुढच्या पिढ्यांना पुरेल असा विकास, असा अर्थ दिलाय खाली. अर्थ आवडला.

मी शोधत होते ते एकच — काम झालं की ह्या वस्तूंचं काय? शेवटी शेवटी एक ओळ सापडली. "वापरानंतरची विल्हेवाट संबंधितांनी लावावी. सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचना यथावकाश देण्यात येतील."

संबंधित म्हणजे कोण? गंगा? माझी कोंबडी?

१६ एप्रिल

ज्ञानू आली. पिंजऱ्यांवर जाऊन आली, अंग सगळं खारट. तिला तिसऱ्यांचं सुकं आवडतं म्हणून तेच केलं होतं. पान वाढलं. तिने भाकरी मोडली, घास उचलला, तेव्हा मी सहज सांगावं तसं सांगितलं — ह्या गंगाच्या पिशवीतल्या हो, तुझ्या जुन्या जाळ्याची पिशवी शिवलीय तिने.

पोरीने घास खाली ठेवला.

 मी काल संध्याकाळीच वाटीभर खाल्ल्या होत्या.

म्हटलं, वाईट आहे का ते? "वाईट आहे असं नाही म्हणत मी, आजी. कोणी बघितलंच नाही." जाळं पिंजऱ्यावर अख्खं असताना लेप धरून राहतो, तेवढं तिने तपासलंय. पण कापलं, पिळलं, उन्हात टाकलं, तिसऱ्या कोंबल्या, तर काय सुटतं आणि पोटात जाऊन काय करतं — ते तिच्या प्रकल्पात बसत नाही. त्याला पैसा नाही. हंड्याचं तांबं नि हे तांबं एक नव्हे, बारीक झालं की वस्तूचा स्वभाव बदलतो, म्हणाली. मग मला तसं का बोलू दिलंस, विचारलं. तिने पान बाजूला सारलं. पैसा मागून बघ ना, म्हटलं. "मागितला होता." 

जाताना विचारते, सोमवारी काय बोलणार आहेस? मी म्हटलं, तू सांगशील ते. तर एकदम तुटक — "मी काही सांगणार नाही. तुझं तोंड तुझं, आजी."

रुसली. की घाबरली? स्वरूप नंतर म्हणाला, आये, पोरीचं काम जूनपर्यंतच पक्कं आहे हां, पुढचं ह्याच माणसांच्या हातात. बाप आहे तिचा, त्याचंही खरंच.

१७ एप्रिल

काही सुचत नाही. आमटीत दोनदा मीठ.

१८ एप्रिल

सकाळीच निघाले, तुकडे गोळा करायला. जाळं आमच्या वाडीत कुठे कुठे पोचलं होतं ते सगळी वाडी पालथी घातली तेव्हा कळलं!

गंगाने पिशवी दिली, पण दहा वेळा ऐकवून — दिलेली वस्तू परत मागतेस, दिल्लीचं वारं लागलं. लवूच्या आंबे काढायच्या झेल्याला तेच जाळं. हापूसचा हंगाम ऐन भरात, तो देतोय कशाला! म्हणतो, काकी, ह्यात आंब्याला ओरखडा उठत नाही, पावसाळा लागला की ने. कोणाच्या मिरच्यांच्या वाफ्याला कुंपण, कोणाच्या सुकटीवर झाकण. प्रत्येकाला कारण सांगावं लागलं, आणि कारण काय सांगू? वाईट आहे म्हणता येत नाही. चांगलं आहे म्हणायची जीभ उरली नाही. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, "माहीत नाही गो, म्हणून नेते."

शेवटी मनिषाकडे. शेजारचीच, पहिलटकरीण. तिने त्या जाळ्याचा पाळणा बांधलाय, वारा लागतो म्हणून. पोर आत पालथं पडलेलं. दात येतायत. जाळ्याची गाठ तोंडात धरून चोखत होतं, लाळ गळत होती, आणि मला बघून हसलं.

मी पोर उचललं. पाळणा सोडला. मनिषा बघतच राहिली, मग रडायलाच लागली — काय झालं ते तरी सांगा, आजी. काय सांगू! तिला माझं जुनं लुगडं दिलं, झोळी बांधायला.

सोमवारी बोलायचं. ठरलं म्हणजे ठरलं. मोठमोठं काही नको. एवढंच — बनवायला पैसा देता तसा, नंतर नजर ठेवायलाही द्या. आणि जुनं जाळं परत न्यायला गाडी पाठवा.

२० एप्रिल

पाय भरून आलेत, तरी लिहिते.

मोठा हॉल, पंखे गरागरा. दिल्लीची अध्यक्षबाई पांढऱ्या केसांची, माझ्याच वयाची असेल. हिंदी बोलत होती, शेजारचा एक जण मराठीत सांगायचा. ज्ञानू पडद्यावर चित्रं दाखवत होती. काय बोलते पोर! पिंजरे दाखवले, जिताडी दाखवली, टाळ्या पडल्या. जुन्या जाळ्यांचं चित्र नव्हतं.

मग माझं नाव. उभी राहिले. जाळ्यामुळे बायांचे हात वाचले, हे सांगितलं. मासा चांगला वाढतो, हे सांगितलं. बाईने मान हलवली आणि विचारलं, काही अडचण? मी थांबले. तिने पुन्हा विचारलं, सावकाश, जसं काही तिला घाई नव्हतीच. तेव्हा ज्ञानूने कागदांतून मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी होडीत पहिल्यांदा बसवली तेव्हा होता तसा.

मी म्हटलं, अडचण काही नाही बाई. देवाची दया.

बसले. टाळ्या मलाही पडल्या!

२१ एप्रिल

अंग मोडून आलंय असं सांगून पडून राहिले. मोडलंबिडलं काही नाही. शेजारी पोर रडलं की उठून बसते.

२३ एप्रिल

स्वरूप पेढे घेऊन आला. समितीला काम पसंत पडलं. पुढच्या हंगामात किनाऱ्यावरच्या आणखी गावांत हीच जाळी, आणि ज्ञानूचं काम पुढे चालू. गंगा पेढा तोंडात टाकून म्हणते, तुझ्या भाषणाचीच करामत गो.

मी माझा पेढा तसाच डब्यात ठेवला. त्या त्या गावांत पाळणे असतील, हंडे असतील. पण पोरीचं बस्तान बसलं. ते तर बसलं ना!

२४ एप्रिल

ज्ञानूचा फोन. अभिनंदन म्हटलं, तर मधेच तोडलं तिने. मग म्हणाली, जुन्या जाळ्यांचं चित्र होतं तिच्याकडे, वरच्या साहेबांनी ते वगळायला लावलं. "मला ते बोलता येणार नव्हतं, आजी. तुला कोणी अडवणारं नव्हतं. म्हणून तर तुझं नाव घातलं."

मी म्हटलं, अगो, तुझा चेहरा बघितला मी. मला वाटलं, घाबरलीस.

"घाबरलेच होते," म्हणाली. "तू बोलणार नाहीस म्हणून."