सातवा रकाना

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार

ती. दादास,

ठमीचा नमस्कार. तू बरा असशील, वहिनी बरी असेल, असं धरून चालते. आम्ही इकडे ठीक. आईचा गुडघा थंडीत फार कुरकुरत होता. आता जिना चढते, पण उतरताना प्रत्येक पायरीवर मला नावं ठेवत उतरते. तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं हा माझा गुन्हा, आणि शिक्षा मात्र तिला, असं तिचं म्हणणं.

इतके महिने पत्र नाही, फोन नाही, म्हणून रागावला असशील. दुकानात फार गडबड होती. (एवढं लिहून मी उठले, दोन चष्म्यांच्या काड्या घट्ट केल्या, काउंटर पुसला आणि परत येऊन बसले. आज हात एका जागी राहतच नाहीत.)

सांगण्यासारखी बातमी एकच. काचा घासायचं माझं मशीन तुला माहीत आहे. ते इतकं जुनं झालंय की दहा काचांतल्या दोनांची तरी कड उडते, आणि फुटलेली काच गिऱ्हाइकाच्या नाही, माझ्या माथी. म्हणून जुलैत नव्या मशीनसाठी बँकेत कर्जाचा अर्ज केला. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या नावावर स्कूटरचं कर्ज थकलंय. अकरा हप्ते."

मी म्हटलं, "मला सायकलसुद्धा चालवता येत नाही."

ते हसले नाहीत. म्हणाले, "क्रेडिट रिपोर्टमध्ये आहे ते आहे. हा डाग निघेपर्यंत कुठलीही बँक तुम्हाला उभं करणार नाही."

मग माझ्या पायाला भिंगरी लागली. रिपोर्ट काढणाऱ्या ब्युरोला लिहिलं, तर ते म्हणाले, "फायनान्स कंपनी कळवते तेच आम्ही छापतो, त्यांना विचारा." फायनान्स कंपनीत गेले, तर ते म्हणाले, "रिपोर्ट ब्युरोचा आहे, त्यांना सांगा." दोघांच्या मध्ये मी चेंडू. दुकान बंद करून जायचं, रांगेत उभं राहायचं, ओळखपत्राची प्रत द्यायची, पोच घ्यायची, पंधरा दिवसांनी परत जाऊन ऐकायचं की प्रत मिळालीच नाही. कंपनीच्या तक्रार अर्जात आठ रकाने होते. सगळे भरले.

अखेर चूक त्यांचीच निघाली. जानेवारीत दुरुस्ती झाली. नवा रिपोर्ट माझ्यासमोर आहे, अगदी स्वच्छ. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

आई म्हणते, तू रुग्णालयाच्या औषध-भांडारातलं काम सोडलंस. का, ते तिला नीट सांगता आलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. सतरा वर्षांचं काम असं मध्येच? तब्येतीमुळे का? कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

वहिनीला आठवण सांग.

तुझी,
ठमी


दि. ६ मार्च, शुक्रवार

दादा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते उभ्याने वाचलं, मग गिऱ्हाइकाला थांबायला सांगून आतल्या खोलीत जाऊन वाचलं, मग दुकान बंद करून वाचलं.

तू लिहिलंयस, "ठमे, रिपोर्ट दुरुस्त झाला हे फार छान झालं. मशीन घेच. हमीदार लागला तर माझी सही घे, अर्थात माझ्यासारख्याची सही आता कुणी घेत असेल तर." पुढे तू जे झालं ते लिहिलंस. ऑक्टोबरात एका फायनान्स कंपनीचा माणूस भांडारात आला आणि सगळ्यांच्या देखत त्याने तुला विचारलं की दुसऱ्याचे कागद वापरून कर्ज काढलंत का. साहेबांनी "चौकशी होईपर्यंत" म्हणून किल्ल्या काढून घेतल्या आणि तुला गेटवर वही लिहायला बसवलं. दोन महिने तू ती वही लिहिलीस. मग राजीनामा दिलास. आणि शेवटी लिहिलंस, "नाव जाड्यानेच दिलं असणार. बढती मला मिळाली तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. पंधरा वर्षं एका डब्यात जेवलो. आता मी त्याचं तोंड बघत नाही."

जाड्याने नाही दिलं, दादा. मी दिलं.

मागच्या पत्रात मी आठ रकाने भरले म्हणून लिहिलं. तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवत होते. सातवा रकाना असा होता: "कोणावर संशय आहे का? असल्यास नाव, नातं, कामाचं ठिकाण." खिडकीतला माणूस म्हणाला होता, "रिकामा ठेवलात तर तक्रार मागे पडते." पण त्याने माझा हात धरून लिहून घेतलं नाही. मीच लिहिलं. तुझं पूर्ण नाव. मोठा भाऊ. रुग्णालयाचं औषध-भांडार. अक्षरही चांगलं काढलं.

का लिहिलं, तेही सांगते. त्या कर्जाचा पत्ता तुझ्या गावातला होता, तुझ्या घरापासून दोन रस्त्यांवरचा. माझ्या ओळखपत्राच्या प्रती तुझ्याकडे होत्या, दुकानाच्या परवान्याच्या वेळी मीच दिलेल्या. आणि बारा वर्षांपूर्वी तू मला न विचारता माझ्या नावावर फ्रिज घेतला होतास. त्याचा एकही हप्ता तू चुकवला नाहीस, हे अर्ज भरताना मला आठवलं होतं. आठवूनही लिहिलं. संशयाचं भूत एकदा मानेवर बसलं की जे आठवतं तेही त्याच्याच बाजूने बोलायला लागतं.

त्यानंतर तुझे फोन आले. सात वेळा. तुझं नाव दिसलं की मी मशीन चालू करायची, म्हणजे ऐकू आलं नाही असं स्वतःला सांगता यावं. दुकानात गडबड होती म्हणून लिहिलं होतं ना, ती गडबड ही.

जानेवारीत काय झालं तेही ऐक. मी हट्टच धरला की मूळ कर्जाचा कागद दाखवा. मला माझी खोटी सही बघायची होती. खरं सांगायचं तर मला तुझं अक्षर बघायचं होतं. तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत पाठवलं. तिथे निवृत्तीला आलेल्या एक बाई होत्या. त्यांचा चष्मा एका बाजूला इतका कलला होता की त्या मान वाकडी करून वाचत होत्या. मला राहवेना. पर्समधला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि नाकावरची पट्टी सरळ करून दिली. त्यांनी फाइलींच्या राशीकडे पाहिलं, म्हणाल्या, "दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ दिसतंय. बसा, शोधते तुमचं."

फाइल निघाली. वरच फोटो होता. गोल चेहऱ्याची, माझ्याच वयाची एक बाई. नाव माझंच, वडिलांचं नावसुद्धा तेच. सही तिची स्वतःची, झोकदार. तिच्या ओळखपत्राचे शेवटचे दोन आकडे सहा-नऊ, माझे नऊ-सहा. कंपनीत कुणीतरी टाइप करताना उलटे टाकले. इतकंच. त्या बाईचं कर्ज माझ्या नावावर येऊन बसलं, आणि त्यासाठी कुणीही खोटं बोललं नव्हतं, कुणीही चोरी केली नव्हती.

बाईंनी माझा तक्रार अर्ज बाहेर काढला, त्याच्यावर शेरा लिहायला. त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती. "कामाच्या ठिकाणी भेट दिली. संबंधिताने नकार दिला. वरिष्ठांना कळवले." त्यांनी चष्मा वर ढकलला आणि विचारलं, "हे कोण तुमचे?"

अर्जात नातं लिहिलेलं होतंच. तरी मी म्हटलं, "आहेत एक ओळखीतले."

दादा, तुला मी ओळखीतला म्हटलं.

त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. म्हणजे मागचं पत्र लिहिताना तू काम का सोडलंस ते मला माहीत होतं, निदान अंदाज पक्का होता. "तब्येतीमुळे का" असं विचारायची हिंमत मला झाली, पण खरं लिहायची झाली नाही. वाटलं, तुला नाव कळलेलं नाही, रिपोर्ट स्वच्छ झालाय, झाकली मूठ राहू दे. जाड्याचं वाचलं नसतं तर कदाचित ती तशीच राहिली असती. हे वाईट आहे, पण खरं आहे.

आणखी एक गोष्ट सारखी टोचते. माझ्या पत्रात फायनान्स कंपनी होती, तुझ्यावरही फायनान्स कंपनीच चालून आली. औषधांच्या हजार बाटल्यांतून एक कमी भरली तर तुला कळतं. हे दोन आणि दोन तुला जोडता आले नसतील असं मला वाटत नाही. तुला जोडायचे नसतील. पंधरा वर्षांच्या मित्रावर संशय घ्यायला तू तयार झालास, पण माझ्यावर नाही. आणि मला एक पत्ता पुरला.

बुधवारी मी फायनान्स कंपनीत गेले. व्यवस्थापक म्हणाले, "रिपोर्ट दुरुस्त झाला ना? आता काय राहिलं?" मी म्हटलं, "तुम्ही एका माणसाच्या साहेबाला संशय कळवलात. तो खोटा होता हेही कळवा, लेखी." म्हणाले, "नाव तुम्हीच दिलं होतं, बाई." मी म्हटलं, "हो. माझी चूक मी निस्तरते. तुमची तुम्ही निस्तरा." तीन तास त्यांच्या केबिनबाहेर बसले. तेवढ्या वेळात पाण्याचे सात पेले प्यायले, कारण स्वस्थ बसणं जमत नव्हतं. शेवटी पत्र दिलं. चार ओळींचं आहे, पण शिक्क्यासह आहे.

काल सकाळच्या बसने तुझ्या गावाला आले. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभी होते. पाय वळले नाहीत. थेट भांडारात गेले आणि तुझ्या साहेबांना सांगितलं, "मी त्यांची बहीण. नाव मीच दिलं होतं आणि ते चुकीचं होतं." त्यांनी कंपनीचं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "किल्ल्या काढून घ्यायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती." तुझी जागा भरली गेलीय, दादा. ती परत देणं त्यांच्या हातात नाही, असं ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं. पण त्यांनी स्वतः बसून तुझ्यासाठी पत्र लिहिलं, सतरा वर्षांत एका गोळीचाही हिशेब चुकला नाही असं, आणि खाली लिहिलं की चौकशी चुकीच्या माहितीवर झाली. दोन्ही पत्रं सोबत जोडली आहेत. शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयाच्या भांडारप्रमुखांना ते फोनही करणार आहेत. करतील असं वाटतं. नक्की सांगत नाही, आता कशाचंच नक्की सांगायची सवय मला मोडायची आहे.

बाहेर पायऱ्यांवर जाड्या भेटला. मला ओळखलं त्याने. पहिलं वाक्य काय, तर, "तो फोन उचलत नाही. माझं काय चुकलं ते तरी विचाराल का?"

मी तिथेच सगळं सांगितलं. तो खालच्या पायरीवर बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता, आणि फासावर दोघे. मला वाटलं, तो शिव्या देईल. त्याने घाम पुसला आणि विचारलं, "पण तो बरा आहे ना? जेवतोबिवतो ना नीट?"

मला माहीतच नव्हतं.

आईला आज सकाळी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मी रडायला लागले तेव्हा म्हणाली, "माझ्यापाशी नको रडूस. त्याला लिही." म्हणून लिहिते आहे.

बँकेने कर्ज मंजूर केलंय. हमीदाराची गरज नाही असं म्हणाले. तुझी सही मागायची वेळ आली असती, तर ती मला मागता आली नसती.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तू "जाऊ दे, ठमे" असंच लिहिशील, मी तुला ओळखते. या खेपेला तसं घाईने नको लिहूस. रागव. हवं तितके दिवस रागव. वहिनीला हे पत्र वाचायला दे, तिलाही रागवायचा हक्क आहे.

फक्त एक कर. जाड्या रविवारी दिवसभर घरी असतो, त्याने मला दोनदा सांगितलं. आधी त्याच्याकडे जा. माझं नंतर बघ. किंवा नको बघूस.

तुझं नाव जिने लिहिलं ती,
तुझी बहीण