लोणच्याशेजारची बरणी

जऊळका,
ता. १२ डिसेंबर १९५५

चि. उकंडराव यास मारोतरावाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. तूर फुलावर आहे, लाल्या बैल जरा लंगडतो. नागपुरात थंडी असेल, कान बांधत जा.

दिवाळीत तू तळ्याचा गाळ, अंड्याची टरफलं आणि कागदाचे तुकडे भरून ठेवलेल्या बरणीला रंग आला का, असं विचारलं आहेस. तुझं पत्र पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून माझ्या डोक्याचा भुगा झाला. तू लिहितोस, त्या गाळात वाढणारे जांभळे जंतू उजेडावर जगतात, हे सत्तरेक वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने पाहिलं. पण झाडासारखी चांगली हवा सोडत नाहीत, म्हणून बाकीच्यांना ते पटेना. मग कोणी दाखवलं की ते पाण्याऐवजी त्या नासक्या अंड्याच्या वासाच्या वायूवर भागवतात. बरं, मग ते झाड की जनावर? आणि माणसाला न दिसणारा उजेडही त्यांना पुरतो म्हणतोस. दिसत नाही तर तो उजेड कसला, बाबा?

तुझी माय मात्र गोंधळली नाही. रोज बरणी अंगणात उन्हात ठेवायची, चारी बाजूंनी फिरवायची. मला सांगायची, "खाली काळं, वर जांभळं होऊन राह्यलं." अगदी तुझ्या पत्रातल्यासारखं.

काल मी स्वतः पाहायला गेलो. उन्हात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. तुझी खिडकीतच, शेवग्याच्या सावलीत पडलेली.

मी ओरडलो, "काहून वं, दिसत नाही का तुले?"

मग मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

"त्याची परीक्षा होऊ द्या," ती म्हणाली. "आत्ताच नका लिवू त्याले."

भाकरी करपते म्हणून मी रोज कटकट करत होतो. आज करपलेलीच पुरी खाल्ली.

आणि सावलीतल्या तुझ्या बरणीला खरंच जांभळा रंग आला आहे. कसा, ते मला कळत नाही.

तिने विचारलं, "आला का रंग?" मी म्हटलं, आला. "मंग लिवा, मायनं पाह्यला म्हणून."

लिहितो. तुझ्या मायने पाहिला.

परीक्षेचं तूच ठरव, मला काही सुचत नाही. पण येशील तेव्हा गुपचूप दारात उभा राहू नकोस. लांबूनच हाक मारत ये.

तुझा बाप
मारोतराव