फाईलचं आडनाव

हुपरी, जि. कोल्हापूर
८ ऑगस्ट २००५

चि. पवित्रास अव्वाचा आशीर्वाद. आमी बरी हाय. तुझे अप्पा चांदीच्या पैंजणांना डाग देत, कड्या जोडत बसल्यात. तुमच्या शिरोळला पुराचं पाणी चढलंय म्हणत्यात. उंबऱ्याला लागलं का ते कळव.

तुझा कॉम्प्युटर हाय तितंच हाय. विकला न्हाय.

तू न विचारता लगीन करून गेलीस, तवा त्यात एक फाईल दिसली. इंग्रजी अक्षरं मला लावून लावून वाचाय येत्यात. पवित्रा, टिंब, डब्ल्यू ए व्ही. वाव! म्हटलं, अक्षता वाळल्या न्हाईत तवर सासरचं वावरे लावलं की पोरीनं, तेबी अर्धंच. पुसून टाकलं. कॉम्प्युटर इंग्रजीत कायतरी विचारत हुता. तू कोण विचारणार म्हणून दाबलं बटण. तवापासनं फाईल उघडंना.

परवा तुझी मैत्रीण रक्षिता आलती. मासिकाच्या सीडीतला फुकटचा प्रोग्राम घातला तिनं. म्हणाली, "काकू, ह्यो नाव बघत न्हाय. आत बघून फाईल कशाची हाय ते सांगतोय."

अप्पा तिकडनं म्हणाले, "म्हंजे टंच काढून चांदी किती खरी ते बघितल्यागत की."

निघालं, शंभर टक्के आवाज. रक्षिता पोट धरून हसली. "वाव म्हंजे आवाजाची फाईल, काकू! आडनावच पुसलंसा, मग कॉम्प्युटर वळखणार कसा?" तिनं ते परत लावलं.

आणि पवे, तू चाललीस की घरात. छुम छुम, अप्पांचे पैंजण घालून, ह्या खोलीतनं त्या खोलीत. मधीच माझं वरडणं, "पवे, दूध उतू गेलं!" आणि तू हसतीस.

आता दुपारचं अप्पा तेच लावून काम करत्यात. माझा डोळा लागतो. आवाज भिंतीतनं आल्यागत येतोय. तू परकरात हाईस का लुगड्यात कळत न्हाय. दूध नुसतं वर येत ऱ्हातंय, सांडत न्हाय. काल तशीच उठून गॅस बंद कराय गेलो. बंदच हुता. अप्पा बघत बसलते. म्हटलं, "बघताय काय? डाग द्या!"

पाणी उतरलं की या. दोघंबी. सयाजीरावांना तिखट सोसतंय का लिव.

पाकिटावर नाव पुरं घातलंय, पवित्रा सयाजी वावरे. एकेक अक्षर लावून बघितलं. काय पुसलं न्हाय.

तुझी, दुधावर नजर ठेवून बसलेली,
अव्वा